भिंगराजाला शीळ कोणी शिकवली

मी चौथी पास आहे. पाचवीत बसलो होतो, पण मास्तराचं आणि माझं जमलं नाही. चूक मास्तराची होती. ह्या लिखाणात काही चुकलं असेल तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं, असं लिहिणारे लोक पहिल्याच ओळीत म्हणतात. मी म्हणणार नाही. किनवटच्या जंगलात जे झालं ते मी डोळ्यानं बघितलं, कानानं ऐकलं आणि तसंच लिहितोय. आमच्या गावात किनवटचं जंगल बघितलेला माझ्याशिवाय आता कोणी उरलेला नाही. आणि जे कधी गेले नाहीत तेच पन्नास वर्षं मला थापाड्या म्हणत आलेत.

आधी शिळेचं सांगतो. आताच्या पोरांना हे सांगावं लागतं याचाच मला ताप येतो. बैल हाळावर पाणी प्यायला आला की त्याला शीळ घालायची असते. हाळ म्हणजे विहिरीजवळचा दगडी हौद, जनावरांचा. शीळ घातली की बैल निवांत होतो, घोट लांब घेतो, पोटभर पितो. नाही घातली तर दोन घोट घेऊन माशा हाकलत उभा राहतो. आणि शीळ ज्या त्या घरची वेगळी. आमच्या गावात, औशापासून चार कोसावर, दिवस मावळताना आडोशाला बसलेला माणूससुद्धा सांगायचा की आता पाटलाचे बैल पाणी पितायत, आता आमचे. आमच्या घरची शीळ म्हणजे तीन फुंका चढत्या, आणि चौथी कोयत्यानं छाटल्यासारखी तोडलेली. ती माझ्या बापाची. बापानं मला दिली. दुसऱ्या घरच्या माणसाला द्यायची नसते.

आता गोष्ट. लग्न झालं त्याच वर्षी मी आणि बाप गाडी-बैल घेऊन किनवटला सागवान ओढायला गेलो. तीन हंगाम गेलो. पहिल्याच हंगामात बैल बिथरला, जू उसळून माझ्या तोंडावर आलं आणि समोरचा एक दात तिथल्या मातीत राहिला. पण मी दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली. जंगलात एक नाला होता, तिथं बैल पाण्यावर न्यायचो. त्या नाल्यावर भिंगराज नावाचं पाखरू असायचं. आपल्याकडं म्हशीच्या पाठीवर कोतवाल बसतो ना, काळा, दुभंगलेल्या शेपटीचा? त्याचाच जंगलातला थोरला भाऊ समजा. पण शेपटीला दोन लांब तारा, आणि तारांच्या टोकाला एकेक पान. उडताना वाटतं ह्याच्या मागं दोन भुंगे लागलेत. हे पाखरू नकला करतं. तिसऱ्या हंगामात त्यानं आमच्या घरची शीळ घातली. मी ऐकली.

एवढंच मी गावात येऊन सांगितलं. तेव्हापासून हसतायत.

सगळ्यात जास्त हसला तो माझा मेव्हणा हरी. एसटीत कंडक्टर होता, आता रिटायर झालाय, आणि उभ्या जन्मात दुसऱ्याला पुढं सरका म्हणण्यापलीकडं त्यानं काही केलेलं नाही. त्याची पोरगी सावंतवाडीला दिलीय. तिकडून तो गेल्या वर्षी मोबाईलमध्ये एक पाखरू भरून घेऊन आला आणि माझ्याच ओसरीवर बसून म्हणाला, "दाजी, हा बघा खरा भिंगराज. डोक्यावर तुरा बघा केवढा. तुमच्या किनवटच्या पाखराला असा तुरा होता का?"

मी म्हणालो, "एवढा नव्हता. थोडका होता."

"मग तो भिंगराज न्हवताच. तुम्ही कोतवाल बघून आलाव. आणि कोतवालाला शीळ शिकवलाव."

माझी बायको आतून हसली. ती हरीची बहीण, हसणारच. मी उठून म्हणालो, "चल. परवा निघायचं. तिथं दाखवतो."

खरं कारण दुसरं होतं, ते तेव्हा बोललो नाही. माझे दात सगळे गेले. कवळीनं भाकरी चावते, शीळ येत नाही, नुसता वारा येतो. पोरांनी ट्रॅक्टर घेतला, त्यांना शीळ कधी लागली नाही. म्हणजे आमच्या घरची शीळ आता कोणाच्याच तोंडात नाही. असलीच तर त्या पाखराच्या.

नांदेड

नांदेडपर्यंतचं काही सांगण्यासारखं नाही. हरीनं वाटेत तीन वेळा कंडक्टरला त्याचं काम शिकवलं आणि चौथ्या वेळी कंडक्टरनं त्याला गप बसवलं, तेवढीच करमणूक.

नांदेडला उतरल्यावर मी म्हणालो आदिलाबादकडची गाडी पकडू. हरी म्हणाला विष्णुपुरीचं धरण बघू. का? तर इतक्या लांब आलोय. मी म्हणालो, मी धरण बघायला आलेलो नाही. तो म्हणाला, दाजी, पाखरू काय पळून जातंय. आता पाखराचं दुसरं कामच काय आहे? पण रिक्षात बसलो. पाणी बघितलं. पाणी पाण्यासारखंच होतं. वाऱ्यानं माझी टोपी उडाली ती इंजिनियरिंगला शिकणाऱ्या एका पोरीनं धरून आणून दिली आणि विचारलं, "आजोबा, कुठले तुम्ही?" हरीनं उत्तर दिलं, "औशाकडचे. पाखराचे मास्तर आहेत." पोरगी खरं समजली आणि वाकून पाया पडली. मी आशीर्वाद दिला. करणार काय.

सकाळी स्टेशनसमोर सुशीला खाल्ली. चांगली होती हे मान्य करतो. मुरमुरे नीट भिजवलेले, शेंगदाणे भरपूर. आमच्याकडं बायका सुशीला करतात ती एवढी मोकळी होत नाही, हे मी घरी सांगितलेलं नाही, इथं लिहितोय.

किनवट

किनवटला उतरलं की बोलणं बदलतं. आम्ही म्हणतो करतोय, ते म्हणतात करून राहिलो. त्यात मधेच तेलगू. हॉटेलात भाकरी मागितली तर पोळी आहे म्हणाला, पोळी नको म्हणालो तर भात आणला, त्यावर अंबाडीची भाजी. भाजी एक नंबर होती पण भाकरीशिवाय जेवण म्हणजे माझ्या हिशोबानं नाश्ता. बायकोनं धपाटे बांधून दिले होते ते त्या भाजीशी खाल्ले. हॉटेलवाला बघत होता. बघू दे.

माझा एक साक्षीदार किनवटला होता. रशीद मिस्त्री. गाड्यांच्या चाकांवर लोखंडी धाव चढवायचा. धाव तापवून लाल करायची, चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं, असं काम. आमची गाडी त्याच्याकडंच असायची आणि बैल पाण्यावर न्यायला तो कितीदा आमच्याबरोबर नाल्यावर आलेला. शीळ त्यानंही ऐकलेली. हरीला मी रस्ताभर सांगत आलो होतो, माणूस जिवंत आहे, त्याच्या तोंडून ऐक.

माणूस जिवंत होता. मशिदीच्या मागच्या गल्लीत, दारात खुर्ची टाकून बसलेला, दाढी पांढरी. मी समोर उभा राहिलो. त्यानं बराच वेळ बघितलं.

"कौन? औसेवाला?" तो ओरडला. "तू तो मर गया बोलके सुना था मैं!"

मी म्हणालो, "मेलो न्हाई. एक साक्ष पायजे तुमची."

"हौ, हौ. पोते भी बड़े हो गए."

मी म्हणालो, "नातवंडं न्हाई, साक्ष."

त्याची सून चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "चाचा, उनको सुनाई नहीं देता. दस साल हो गए. कान के पास जोर से बोलो."

पन्नास वर्षांनी एक साक्षीदार सापडला आणि तो बहिरा. हरीनं तोंडाला रुमाल लावला. मी मिस्त्रीच्या कानाशी जाऊन ओरडलो, "पाखरू! नाल्यावरचं! शीळ!" गल्लीतली चार दारं उघडली. पोरं गोळा झाली. सुनेनं हातानं पंख करून दाखवले, ओठांचा चंबू केला. मग मिस्त्रीच्या डोळ्यात कळल्यासारखं झालं.

"परिंदा? सीटीवाला? हौ, बोलता था ना!"

मी हरीकडं वळलो. "ऐकलास?"

"बोलता था," मिस्त्री म्हणाला. "पर तेरी नईं रे. तेरे अब्बा की सीटी बोलता था. पूरी. तेरी तो आधी पे टूट जाती थी. दांत टूटा तब से."

हरीनं रुमाल काढला. आता त्याला लपवायची गरज राहिली नव्हती.

मी त्याला म्हणालो, माणूस बहिरा आहे, काय ऐकलं आणि काय नाही त्याचं त्याला आठवत नाही. हरी म्हणाला, "दाजी, आता बहिरा झालाय. तेव्हा न्हवता." मी चहा तसाच ठेवून उठलो. मिस्त्रीनं हात धरून बसवलं. जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्याच्या सुनेनं केलेली खिचडी आणि चिंचेचं सार एवढं चांगलं होतं की राग धरून खाता येईना. तरी मी धरला.

नाला, पहिला दिवस

नाला आता तसा नाही. तेव्हा गाडीवाटेनं जायचो, आता वनखात्याची चौकी आहे, फाटक आहे, वहीत नाव लिहावं लागतं. माझं नाव लिहून घेतलं, वय लिहून घेतलं, कशासाठी आलात ते विचारलं. चौकीवर एक बाई होती, सुरेखाताई, खाकी कपड्यातली, तिशीतली, गळ्यात दुर्बीण. मी म्हणालो, "भिंगराज बघायचाय." तिनं वर बघितलं. म्हणाली, "बाबा, इथं लोकं वाघ मागून राहिले. भिंगराज मागणारे तुम्हीच पहिले. चला, मी येते."

फाल्गुन होता. सागाची पानं गळून गेलेली, जमीन पापडासारखी वाजत होती. पळस पेटलेला. मोहाची फुलं वेचायला बायका पहाटेपासून झाडाखाली झाडून बसलेल्या, सगळीकडं तो गोड आंबूस वास. नाल्यात कातळाच्या खोलगट जागी तेवढं पाणी होतं. मी जागा ओळखली. कातळ तोच होता. बाप जिथं बसायचा तिथं जाऊन बसलो.

मग आवाज आला. पलीकडं सावरीचं झाड होतं, लाल फुलांनी भरलेलं, पानं एक नाही. तिथून शिक्र्याची किंचाळी आली. मग खारीची चिरचिर. मग मांजर. सगळं एकाच फांदीवरून. सुरेखाताई हळूच म्हणाली, "तो पहा."

होता. काळा, ऊन लागलं की निळा चमकायचा. दोन तारा, टोकाला दोन पानं. फुलात चोच घालून मध प्यायचा आणि मधेच दुसऱ्या पाखरावर धावून जायचा.

दुर्बीण आधी हरीनं घेतली. बघितलं आणि म्हणाला, "तुरा कुठाय? सावंतवाडीच्याला एवढा हाय. हा दुसराच कोणीतरी."

"दुसरा तुझा," मी म्हणालो. "खरा हाच. सावंतवाडीला असंल त्याचा कोणी लांबचा."

सुरेखाताई म्हणाली, "दोघंही तेच पाखरू आहे काका. मुलुख बदलला की रूप थोडं बदलते. हिमालयाच्या पायथ्याचा आकारानं मोठा, तुरा लांब, कपाळावरून मागं वळलेला. अंदमानच्याला तुरा नावालाच. आपला मधला. आणि पिल्लाला तर तुरा नसतेच. शेपटीच्या तारा पण गळून परत येऊन राहिल्या तर तेवढे दिवस बिनतारेचा दिसते. गाणं पण तसंच. ज्या जंगलात राहील तिथले आवाज उचलते. तिकडचा एक म्हणेल, इकडचा दुसरं. चूक कोणीच नाही."

आता तुम्हीच सांगा. चूक कोणीच नाही, हे ऐकायला माणूस औशाहून किनवटला येतो का? मला एक खरा आणि एक खोटा पाहिजे होता. हरीलाही तेच पाहिजे होतं. आम्ही दोघंही तिच्यावर नाराज झालो. फक्त एवढ्याच बाबतीत आमचं त्या दिवशी एकमत होतं.

मी कान देऊन बसलो. तासभर बसलो. शिक्रा झाला, खार झाली, मांजर झालं, सातभाईंची कलकल झाली. शीळ नाही. मग हरीला अक्कल सुचली. त्यानं मोबाईल काढून सावंतवाडीचं पाखरू मोठ्यानं वाजवलं. सावरीवरचा भिंगराज पिसं फुलवून असा अंगावर आला की हरी मोहाच्या बुंध्यामागं गेला. सुरेखाताई भडकली. "काका, बंद करा ते! दुसरा नर घरात घुसला समजून राहिलं ते. दिवसभर उपाशी फिरेल आता. मोबाईल वाजवायचा नाही इथं."

"शीळ चालंल का?" मी विचारलं. "तोंडानं?"

ती म्हणाली, "एकदोनदा घाला. पण पाखरू चिडलं तर बंद."

मी उभा राहिलो. ओठ जमवले. कवळी अशी वस्तू आहे की ती माणसाच्या इज्जतीचा विचार करत नाही. वारा गेला, फुस्स झालं. मी जोर लावला. कवळी सुटून कातळावर आपटली आणि तिथून सागाच्या पानांत गेली.

मग एक म्हातारा, एक रिटायर कंडक्टर आणि एक वनरक्षक बाई, तिघं गुडघ्यावर बसून पाचोळा चिवडत होते. पाचोळा हाताला वाजत होता, मुंग्या चावत होत्या. वरून मांजर ओरडत होतं, म्हणजे तोच, भिंगराज. मला त्याच्यात कोतवालाचं सोडा, माणसाचं रक्त दिसायला लागलं.

पानं चिवडता चिवडता हरी वर न बघता म्हणाला, "पाखराला शीळ दिलाव. मला दिला न्हाईत."

"काय?"

"मी दहा वर्षांचा होतो. सुट्टीत अक्काकडं आलो होतो. तुमच्या हाळावर येऊन उभा राहिलो आणि म्हणालो, दाजी मला शिकवा. तुम्ही काय म्हणालाव? म्हणालाव, तू दुसऱ्या घरचा, तुला न्हाई मिळत. रडत गेलो मी. आणि मग हंगाम संपवून आलाव आणि सांगताव की पाखराला शिकवून आलो. मग हसू नको तर काय करू?"

मला हे आठवत नव्हतं. आठवत नव्हतं म्हणजे, म्हणालो असेन. तेव्हा कोणीही तेच म्हणालं असतं. घरची वस्तू होती. पण त्याला उत्तर द्यायला तोंडात दात नव्हते, आणि बिनदातांचा माणूस काहीही म्हणाला तरी माफी मागितल्यासारखं वाटतं. मी पानं चिवडत राहिलो.

कवळी सुरेखाताईला सापडली. तिनं नाल्यात धुवून पानावर ठेवून दिली, हसली नाही. बाईला घरचं वळण होतं.

नाला, दुसरी सकाळ

हरी म्हणाला परत जाऊ. मी म्हणालो, एक सकाळ अजून. तो म्हणाला, "दाजी, कशाला? मी मानलं, पाखरू हाय, शेपूट हाय. शिळेचं राहू द्या." ज्या माणसानं पन्नास वर्षं मला छळलं तो आता दया दाखवत होता. हसणं परवडलं असतं. मी म्हणालो, तू नको येऊ. तो आलाच.

ऊन कोवळं होतं. त्याच कातळावर बसलो. सावरीवर तोच भिंगराज, कालचं सगळं विसरलेला. शिक्रा, खार, मांजर. मी मनात शीळ घातली, तीन चढत्या, चौथी तोडलेली. ओठ नुसते हलत होते. हरी माझ्या तोंडाकडं बघत होता ते मला नंतर कळलं.

आणि त्यानं घातली.

हरीनं. तीन चढत्या, स्वच्छ. मी असा दचकलो की कातळावरून पडलो असतो. दहा वर्षांचा असताना दिली नाही तर ह्यानं कुंपणाआड उभं राहून चोरली होती! तीन चढत्या बरोबर घेतल्या आणि चौथी तोडायची सोडून खाली उतरवत, लांबवत, लांबवत नेली, नाल्यापलीकडं.

"चूक!" मी ओरडलो. "शेवट तोडायचा! ओढायचा न्हाई!"

"मी अशीच ऐकली."

"चुकीची ऐकलास. परत घाल. चौथी आली की छाट."

"छाटली की गळ्यात अडकतीय दाजी."

"अडकू दे! तशीच हाय ती!"

त्यानं परत घातली आणि परत ओढली. उभी नोकरी एसटीच्या गर्दीत शिट्ट्या मारून जाम झालेला माणूस, त्याला आता काय नवीन येणार? मी त्याचा खांदा धरून, हातानं ताल देऊन दाखवत होतो, हा चढ, हा चढ, हा चढ, आणि इथं तोड. सुरेखाताई बोट ओठावर ठेवून म्हणाली, "बाबा, गप. ऐका."

सावरीवरचं पाखरू गप झालं होतं. मान वाकडी करून खाली बघत होतं. मांजर बंद, खार बंद. मग गळ्याची पिसं फुगली आणि त्यानं घातली. तीन चढत्या. आणि चौथी खाली उतरत, लांब, हरीसारखी. हरीपेक्षा चांगली. एकदा घालून थांबलं, आणि परत घातली.

हरी माझ्याकडं बघत होता. त्याच्या डोळ्यात पाणी होतं, का मोहाचा वास लागला होता, मला माहीत नाही. तो म्हणाला, "दाजी, शिकतंय की हो हे. खरंच शिकतंय. तुम्ही खरं बोलत होताव."

पन्नास वर्षं ज्या एका वाक्यासाठी थांबलो ते असं मिळालं, आणि पाखरू शेजारी बसून चुकीची शीळ घोकत होतं. मी म्हणालो, "खरं बोलत होतो, पण ह्याला तू बिघडवलास. आता हे पिल्लांना हीच शिकवंल. आख्खं किनवट ओढत बसंल."

सुरेखाताई म्हणाली, "नाला बदलला की शीळ थोडी बदलतेच बाबा."

दुसरं कोणी असतं तर ऐकवलं असतं. कवळी तिनं शोधलेली होती.

घरी

घरी आलो त्या दिवशी सांजच्याला शेजारचा दत्तोबा बैल घेऊन आमच्या हाळावर आला. गावात बैलजोडी आता त्याची एकच. बायको आत कणीक मळत होती. दत्तोबा बैल सोडून मोबाईलमध्ये बघत उभा, शीळ नाही, काही नाही. बैल दोन घोट घेऊन माशा हाकलत थांबले. मला बघवेना. हरीलाही बघवेना. तो ओसरीवरून उतरला, हाळाशी गेला आणि घातली. तीन चढत्या, चौथी लांब.

आतून परातीचा आवाज बंद झाला. बायको दारात आली, कोपरापर्यंत पीठ.

"कोण घातली ती?" ती म्हणाली. "अंगावर काटा आला. मामंजीच आल्यागत झालं."

मी म्हणालो, "तुझ्या भावानं घातली. चुकीची. शेवट तोडायचा असतोय."

"मामंजी कधी तोडत न्हवते," ती म्हणाली. "हरी घातला तशीच घालायचे. मी नवी नवरी होते, चुलीपाशी बसून ऐकायची. तोडता ते तुम्ही. दात पडला तव्हापासनं."

मला मिस्त्री आठवला. बहिरा.

"मग पन्नास वर्षांत सांगितलीस का न्हाई?"

"तुम्हाला कोण सांगावं!" ती म्हणाली आणि आत गेली. परात परत वाजायला लागली.

मी हाळाशी गेलो. हरी ओशाळून उभा होता, आता मी काय म्हणतो म्हणून. थोरल्या बैलानं पाण्यातून तोंड काढलं होतं, ओठांवरून थेंब गळत होते, कान हरीकडं वळवून तो थांबला होता.

तोडलेली शीळ माझी होती. ती माझ्या तोंडातल्या फटीची होती आणि माझ्याबरोबर गेली, तिला चूक म्हणायचा कोणाला अधिकार नाही, हे मी आजही म्हणतो. पण बैल उभा होता.

"बघतोस काय," मी हरीला म्हणालो. "घाल परत. अजून पाणी पिऊन राहिलाय तो."